बिनचांदीचा वर्ख

पाषाणच्या प्रयोगशाळेत आम्ही कोसले उकळतो.
सोड्याच्या पाण्यात रेशमाचा डिंक सुटतो,
उरतं ते विरघळवून, गाळून साच्यावर ओतायचं,
रात्रभर पंख्याखाली ठेवायचं.
साच्यावर रेघा : एका मिलिमीटरात सहाशे.
सकाळी चिमट्यानं सोललं
की नखाएवढा पापुद्रा,
रंग कसलाच नाही त्यात,
उजेडात तिरका धरला की मात्र हिरवा.

फरहत म्हणाली, खाता येतो हा, वहीत लिही.
मी लिहिलं. एक खाऊनही पाहिला.
चव : नाही. दाताला चिकटतो.

हा खव्यावर ठेवायचा.
खवा धड असेल तर हिरवाच राहतो.
आंबायला लागला, आतून वाफारा सुटला
की पापुद्रा फुगतो,
रेघा एकमेकींपासून सरकतात,
हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा तांबडा,
नाकाला कळायच्या दोन-अडीच तास आधी.

हे मी घरी बोलले नव्हते.

अप्पांनी एकतीस वर्षं खवा चाखला.
पहाटे साडेतीनला भूमची गाडी यायची,
टपावरून पाट्या उतरायच्या, फडकी ओली.
करंगळीच्या नखावर कण,
कण जिभेवर, डोळे मिटलेले.
"म्हशीचा. कालचा. कढई बुडाला लागलीय."
बटाटा असला, वनस्पती असलं
तर बोलायचेच नाहीत, नुसतं थुंकायचे.
गाळ्यावर म्हणत,
तापकिरांनी हं म्हटलं की माल उतरवा.

मग तो ताप आला, वास घेऊन गेला.
आता दूध उतू जाऊन जळलं
तरी आम्हीच धावतो ओट्याकडे.

गौरी चार दिवसांवर. मी डबीतून दोन पापुद्रे आणले.
टेबलावर खव्याचे दोन गोळे,
एक आजचा, एक परवाचा, मुद्दाम बाहेर ठेवलेला.
मोबाइलची बॅटरी लावली.
एक हिरवा. दुसरा तांब्याच्या पराताइतका तांबडा.

अप्पा चष्मा वर करून बघत राहिले.
"वर्ख आहे का गं?"
"बिनचांदीचा."
"पैसे घेतो का हा?"
मी म्हटलं, पडतील चाळीस पैसे, जास्त केले तर कमी.
"ते नाही विचारलं. हा घेतो का?"

फ्रीज घरघरायला लागला, थांबला.

"गणपत कोंढऱ्याची पाटी होती," म्हणाले,
"नव्वदच्या गौरीला. पोरीचं लग्न ठरलेलं त्याच्या.
पैसे नव्हते, शपथ, एक दुलई दिली त्यानं,
तीच, जी तू शाळेत असताना घ्यायचीस.
जिभेला कळलं होतं.
जिभेला काय, बोटालाच कळलं होतं.
मी हं म्हटलं."

शनवारात एका पंगतीतली अकरा माणसं ससूनला गेली.
बरी झाली सगळी.
अप्पा पाच दिवस जाऊन बघत होते,
पेशंटचे कोण म्हणून विचारलं
की दरवाज्यावर खोटं आडनाव सांगत.
आईला सांगत, गाडी उशिरा आली.

मला काहीतरी बोलायला हवं होतं.
मी म्हटलं, आंबट वाफेनं प्रथिन फुगतं, म्हणून रंग बदलतो.

त्यांनी हिरवा गोळा उचलला,
पापुद्र्यासकट तोंडात टाकला, डोळे मिटले.
एकतीस वर्षांची सवय, मिटूनच राहिले.
"कसा आहे?"
"काय माहीत," म्हणाले. "मऊ आहे."
मोजणी झाली नव्हती अजून. वहीतला चौदावा नमुना
अप्पांच्या पोटात.

मग दुसऱ्याची बशी ओढली जवळ,
बॅटरी माझ्या हातातून घेतली,
बशी जरा कलती केली, अजून जरा.
"इकडून बघ. हाही हिरवाच दिसतो की."

"दिसतो," मी म्हटलं. "कोन बदलला की दिसतो.
कुठून बघायचं ते आधी ठरवावं लागतं."

अप्पा बशी तशीच कलती धरून बसले.
"हं," म्हणाले.